धोंडूनानांचा आडवा पाट

नाना गेल्याची बातमी मला खालापुरात, कचेरीच्या पायऱ्यांवर कळली. वेठीला धरलेल्या गाडीवानांबद्दलची माझी पत्रकं मी तिथे वाटत उभा होतो. एका गाडीवानाने पत्रक हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "मला वाचता येत नाय. पर तुमचे ते कशेळ्याचे धोंडूनाना गेले म्हनं. तापानं." ... एवढं बोलून त्याने पत्रकाची घडी मुंडाशात खोवली आणि बैल हाकले. मी कशेळ्याला पोचलो तेव्हा राखही सावडून झाली होती. नानी पडवीत बसल्या होत्या. मला पाहून त्या रडल्या नाहीत. "जेवलास का रं?" एवढंच विचारलं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. तेव्हाच लिहिलं असतं तर हे रडगाणं झालं असतं. आता लिहितो आहे ते रागाने, आणि तो राग झाकून ठेवायचा माझा मुळीच विचार नाही. कारण मधल्या काळात नानांची शोकसभा झाली. कर्जत स्टेशनाजवळ कोळशाची जी मोठी वखार आहे, तिच्या अंगणात. नाना तिथे बरीच वर्षं वहिवाटदार होते. भट्ट्या, गाड्या, कोठारं, मुकादम, सगळा कारभार त्यांच्या हाताखाली. सभेला वखारीचे मालक शेटजी मुंबईहून आगगाडीने आले. त्यांच्यासाठी खुर्ची आणली, हार आणला. जिवंतपणी नानांना 'ए धोंडू' म्हणून हाक मारणारे शेटजी त्या दिवशी त्यांना 'धोंडोबाजी' म्हणाले. मरण आलं की माणसाची केवढी बढती होते पाहा! आणि मग ते जमलेल्या मुकादमांना म्हणाले, "धोंडोबाजींनी आमचा शब्द कधी मोडला नाही. सांगितलं ते केलं, उलट विचारलं नाही. नव्या मंडळींनी हा धडा घ्यावा." शेजारी नवे म्यानेजर उभे होते. त्यांनी मान डोलावली. मुकादमांनीही डोलावली. मागच्या बाजूला गणू मुकादम बसला होता, तो तेवढा जमिनीकडे पाहत राहिला.

वाचकहो, ज्या माणसाने आपल्या हाताखालच्यांना 'उलट विचारा, उलट विचारा' म्हणून आयुष्यभर बोटाला धरून शिकवलं, त्याच्या नावाने त्याच अंगणात मुकाट मान डोलावण्याचा धडा दिला गेला! मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. मला येतं.

मी मराठी शाळेची परीक्षा देऊन वखारीत कारकून म्हणून लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला तो पाट दिसला. कर्जतच्या बाजाराच्या दिवशी सकाळी, गाड्या सुटायच्या आधी, सगळे मुकादम पडवीत जमायचे. त्या आठवड्यात काय करायचं ते नाना सांगायचे. अमकी भट्टी फोडायची, तमकी वाट सोडायची, अमक्याला कामावरून काढायचं. दाराजवळ एक बुटका पाट मांडलेला असायचा. पाळीपाळीने एकेक जण त्यावर बसायचा, आणि बसणाऱ्याने एकच काम करायचं. नाना जे सांगतील त्याला आडवं जायचं. मनातून पटलेलं असलं तरी आडवं जायचं. म्हणून त्याचं नाव पडलं आडवा पाट. बोलणं संपलं की नाना डब्यातला गूळ काढायचे आणि पहिला खडा पाटावरच्याला द्यायचे. गूळ तोंडात पडला की झालेलं बोलणं तिथेच राहायचं. कुणी कुणावर डूख धरायचा नाही, बाहेर कुजबुजायचं नाही. मी तर थक्कच झालो. नोकराने मालकाच्या माणसाला तोंडावर 'तुमचं चुकतंय' म्हणायचं आणि वर गूळ खायचा!

मी तरुण, तोंडाळ, त्यामुळे तो पाट मला फारच मानवला. एकदा गणू मुकादम तक्रार घेऊन आला की कशेळ्याकडून येणारे गाडीवान मुद्दाम उशीर करतात, वाटेत लोळत पडतात, त्यांना काढून टाका. पाटावर मी होतो. मी चढ सांगितला, बैलांचे खूर सांगितले, खडीची वाट, ओझं, ऊन, सगळं सांगितलं. असा बोललो की एकदोघा मुकादमांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. नानांनी ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशी स्वतः त्या वाटेने चालत गेले, आणि परत आल्यावर माझ्यापुढे गुळाचा डबा ठेवून हसत सुटले. "रघू, बोललास झकास रं. पर ते समदे आंब्याखाली पत्ते खेळत हायत. बैल बी कंटाळलेत." पडवी हसून हसून लोटपोट झाली. मी चिडलो, तसे नाना म्हणाले, "आडवं बोललं म्हंजे खरं झालं असं नाय. पाटाचं काम आपल्याला बघायला धाडायचं. बघायचं आपन." तेव्हा कुणाचा असा समज असेल की नाना प्रत्येक वेळी गरिबाची बाजू घेणारे साधुपुरुष होते, तर तो समज सोडून द्यावा. गाडीवानांना त्यांनी त्या दिवशी असा काही दम भरला, की आंब्याखाली पुन्हा कुणी बसलं नाही. मुकादमाने एखादी गोष्ट सांगितली की नानांचा प्रश्न ठरलेला असायचा, "पाह्यलंस, का ऐकलंस?" आणि पाहिलं म्हणालात तर पुढचा, "बरं. आनखी कशानं झालं असंल?" या दोन प्रश्नांनी आमचा जीव नको करून सोडला होता. पण मुकादमी करायला आलेली माणसं त्या प्रश्नांतून डोकं घेऊन बाहेर पडायची, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

ही रीत त्यांच्या डोक्यात आली कुठून, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. आम्ही दोघे ठाकुरवाडीच्या अंगाला भट्ट्या पाहायला गेलो होतो. वर घाट दिसत होता. नाना तरुणपणी घाटात खडक फोडण्याच्या कामावर एका ठेकेदाराकडे हजेरी घ्यायला होते. एक सुरुंग पेटवला आणि तो उडालाच नाही. वरच्या माणसाने सांगितलं, दारू ओली असणार, मेला तो सुरुंग, चला कामाला. "मला ठावं होतं की थांबाया पायजे," नाना म्हणाले. "फोडनाऱ्यांना ठावं, सुरुंगवाल्याला ठावं, समद्यांना ठावं. आनि समदे गप. कुनी पह्यलं बोलायचं, एवढाच प्रश्न होता रं..." माणसं कामाला लागली आणि तो सुरुंग उडाला. किती माणसं गेली ते मी विचारलं नाही. काम सोडून खाली उतरताना त्यांनी दारूच्या एका रिकाम्या पेटीचं झाकण उचलून आणलं होतं, आणि घरी येऊन त्याला चार पाय ठोकले होते. वखारीच्या दाराशी मांडलेला पाट तो हाच. बोलायची पाळीच ठरवून दिली, की कुणी पहिलं बोलायचं हा प्रश्न उरत नाही. मोठमोठे साहेब आणि मोठमोठे शेटजी माणसांचा कारभार कसा करावा यावर व्याख्यानं झोडतात. इतकी साधी तोड त्यांच्यापैकी कुणाला सुचली असेल तर मला कळवावं.

आता आगीबद्दल. शेटजी विसरले असले तरी कर्जतचे लोक ती आग विसरलेले नाहीत.

लाकडी कोळशाची भट्टी म्हणजे मातीने लिंपलेला लाकडांचा ढीग. आत तो धुमसत राहतो, आणि जळून झाला की तोंड बंद करून निवू द्यावा लागतो. वरून गार लागला तरी पोटात विस्तव असतो. हे मुकादमाच्या तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. त्या बाजाराच्या दिवशी शेटजी स्वतः वखारीत आले होते. मुंबईचं गिऱ्हाईक घाई करत होतं. "भट्ट्या लगेच फोडा, वरून पाणी मारा आणि माल कोठारात आणा," ते म्हणाले. नेमाप्रमाणे दाराशी पाट मांडलेला होता. शेटजींची नजर त्याच्यावर गेली. "हा तमाशा उचल, धोंडू. मी हुकूम द्यायला आलोय, वाद ऐकायला नाही." नानांनी पाट उचलला आणि भिंतीला टेकून ठेवला. कुणी काही बोललं नाही. त्या दिवशी गूळही वाटला गेला नाही...

माल कोठारात आला आणि पुढे एका भर दुपारी कोठार पेटलं. माणूस दगावला नाही, पण अर्धं कोठार आणि त्यातला सगळा माल गेला. आणि राख निवायच्या आत गुन्हेगारही ठरला! डोंगरातल्या कातकरी वाडीचा लखमा. का, तर आदल्या आठवड्यात वखारीच्या विहिरीवर वाडीच्या बायांना पाणी भरू दिलं नाही म्हणून त्याने भांडण केलं होतं, 'तुमचं बरं व्हनार नाय' असं म्हणाला होता. झालं! लखमा आणि त्याचे भाऊ धरले गेले. ज्यांच्या हाताने भट्ट्या लावून घेतल्या, ज्यांच्या पाठीवर वखार उभी राहिली, त्यांच्याबद्दल 'कातकरी ना? मग लावलीच असणार' हे एक वाक्य सगळ्यांना पुरलं. शेटजी धावत आले. सगळ्या मुकादमांनी खालापूरच्या कचेरीत जाऊन लखम्याविरुद्ध एका तोंडाने जबानी द्यायची, असं ठरलं.

नाना म्हणाले, "जाऊ. त्याच्या आधी बसू." आणि त्यांनी भिंतीचा पाट घेऊन दाराशी मांडला. शेटजींच्या समोर. पाळी होती गणू मुकादमाची, आणि लखम्याच्या नावाने सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता तो गणूच.

"मी त्याच्या बाजूनं बोलू?" गणू उसळला. "त्या चोराच्या?"

"बाजूनं नको बोलू. आग आनखी कशानं लागली असंल, तेवडं बोल."

"दुसऱ्या कशानं नाय लागली!"

"बस तर खाली, गण्या. पाळी हाय."

गणू बसला. तोंड वाकडं केलं. मुकादम एकमेकांना कोपरखळ्या मारू लागले. मग गणूच्या कपाळावर आठी पडली. तो हळूहळू बोलू लागला, जणू स्वतःलाच सांगतो आहे. "लावायची तर... बाह्यरनं लावंल ना मानूस. कुडाला लावंल. दाराम्होरं गवताच्या पेंढ्या व्हत्या." तो थांबला. "पेंढ्या तर तशाच हायत." पुन्हा थांबला. "आग मधनं निघाली, नाना. ढिगाच्या पोटातनं..." आणि मग त्याचा चेहरा असा उतरला की पाहवेना. ज्या भट्ट्या घाईने फोडल्या त्या त्याच्याच होत्या.

नाना उठले, हातात पहार घेतली आणि आम्हा सगळ्यांना दुसऱ्या कोठारात घेऊन गेले. त्याच भट्ट्यांचा उरलेला माल तिथे रचलेला होता. वरून गार, काळा, निरुपद्रवी. नानांनी पहार ढिगात खोल खुपसली, काही वेळ तशीच ठेवली आणि बाहेर ओढली. मग ती शेटजींपुढे धरून म्हणाले, "हात लावून बघा."

शेटजींनी हात लावला नाही. गणूने लावला आणि झटक्यात मागे घेतला. शेटजी पहारेकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "उन्हाने तापली असेल." कोठाराच्या आत, छपराखाली! वाचकहो, अज्ञानाची मला चीड येत नाही. शाळा नसते, संधी नसते, माणूस अडाणी राहतो. पण उत्तर पुढ्यात धरलं असताना हात खिशात ठेवणारा माणूस... त्याच्यासाठी मराठीत जे शब्द आहेत ते छापता येत नाहीत.

"म्हणजे आग मी लावली असं तुझं म्हणणं आहे?" शेटजींनी विचारलं.

"तुमी हुकूम दिला, मी पाट उचलला," नाना म्हणाले. "दोगांनी लावली."

खालापूरच्या कचेरीत नानांनी हेच सांगितलं, याच शब्दांत, आणि गणूला पुढे करून भाजलेली बोटं दाखवली. लखमा आणि त्याचे भाऊ सुटले. त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी नानांची नोकरी गेली. 'वय झालं' असं कारण सांगण्यात आलं. जाताना नानांनी दुसरं काही नेलं नाही. पाट काखोटीला मारला आणि कशेळ्याची वाट धरली. त्यांच्या पाठोपाठ मीही नोकरी सोडली, पण ते धाडस नव्हतं, मला तिथे श्वास घेता येईना.

मग मी पत्रकं काढू लागलो. पहिलं पत्रक अर्थातच शेटजींवर. ते घेऊन मोठ्या तोऱ्यात नानांकडे गेलो. वाटलं, पाठ थोपटतील. त्यांनी मला पाटावर बसवलं आणि म्हणाले, "आता तू शेट. बोल तुज्या बाजूनं." मी म्हटलं, मेलो तरी बोलणार नाही. "मग छापू नको." शेवटी बोललो. गिऱ्हाईक हातचं गेलं असतं तर भट्ट्या बंद पडल्या असत्या, मुकादम आणि कातकरी दोघेही घरी बसले असते, असं काहीबाही बोललो, आणि बोलताबोलता माझ्या लक्षात आलं की यात थोडं तथ्य आहे. त्याने माझं डोकं अधिकच फिरलं. मग नाना पत्रक वाचून घेऊ लागले. 'रक्तपिपासू' या शब्दाशी मला थांबवलं. "ह्ये पाह्यलंस, का ऐकलंस?" मी म्हटलं, नाना, तो अलंकार आहे. "काढ त्यो. पहारंला हात नाय लावला, ते पाह्यलंस ना? ते लिव." मी काढला. आज कबूल करतो, पत्रक त्यामुळे दुप्पट झोंबलं.

आमची शेवटची भेट अशीच एका पत्रकावरून झाली. त्यांना बारीक ताप होता, घोंगडी पांघरून पडवीत बसले होते. मी वाचत होतो आणि ते डोळे मिटून ऐकत होते. वाटलं, झोप लागली. मी दोन ओळी गाळून पुढे गेलो, तशी घोंगडीतून हाक आली, "मदी काय व्हतं रं?" ... त्या दोन ओळी ऐकीव होत्या. मी त्या खोडून टाकल्या.

शोकसभेनंतर रागाच्या भरात मी हा लेख लिहून काढला आणि नानींना वाचून दाखवायला कशेळ्याला गेलो. नानींना वाचता येत नाही, पण नाना घरी येऊन सांगत तो सगळा कारभार त्यांनी पडवीतल्या चुलीपाशी बसून ऐकलेला. मी कागद काढले, तशा त्या उठल्या, कोपऱ्यातला पाट घेतला, पदराने पुसला, मांडला आणि त्यावर स्वतः बसल्या. मी पाहतच राहिलो.

"वाच. मी आडवी हाय."

मी वाचलं. 'शेटजी धडधडीत खोटं बोलले' या वाक्याशी त्यांनी हात वर केला. "काय खोटं बोल्ले?"

"नानांनी त्यांचा शब्द कधी मोडला नाही म्हणाले."

"एकदा नायच मोडला," नानी म्हणाल्या. "भट्ट्या फोडा म्हनले त्या दिशी. पाट उचलून ठेवला ह्यांनी. तापात बी तेच बोलत व्हते, मी पाट कशापायी उचलला गं... त्यो शेट खरं बोल्ला, रघू. त्या एकाच दिसाचं बोल्ला, आनि बाकी समद्या दिसांना त्येच फासलं. तसं लिव."

मघाचं वाक्य मी खोडलं आहे. नानी म्हणाल्या तसं लिहितो. ज्या एका दिवसाने नानांना मरेपर्यंत झोपू दिलं नाही, नेमका तोच दिवस शेटजींना त्यांच्या साऱ्या आयुष्यातून आवडला. त्याचाच त्यांनी धडा केला, त्यालाच हार घातला, आणि तोच आता नव्या म्यानेजरांना गिरवायला दिला आहे. वखारीत भट्ट्या आजही पेटत आहेत. घाईचे हुकूम आजही मुंबईहून येत आहेत. दाराजवळची जागा मात्र रिकामी आहे. पुढची आग लागेल तेव्हा पुन्हा कुठल्यातरी वाडीवर शिपाई जातील, आणि भरल्या पडवीत सगळ्यांना ठाऊक असेल आणि सगळे गप्प असतील.

वाचून झाल्यावर नानी पाटावरून उठल्या. "आता तू बस," म्हणाल्या. "मी म्हन्ते, मानूस गेला. आता बोलून काय व्हायचंय? शेट मोठा मानूस, कशाला वाकडं घ्यायचं? छापू नको. हां, बोल आडवं."

मी बसलो. झाकणाचं लाकूड मधोमध झिजून गुळगुळीत झालं आहे, एका कडेला जुन्या खिळ्यांची भोकं आहेत. तिथे बसूनच हा लेख मी पुन्हा पहिल्यापासून लिहिला. शेटजींना तो आडवा वाटला, तर त्यांनी जरूर कशेळ्याला यावं. पाट दाराशी मांडलेला आहे. त्यांनी त्यावर बसून बोलावं, आम्ही शेवटपर्यंत ऐकून घेऊ. डब्यात गूळ आहे. पहिला खडा नानी त्यांनाच देतील.